मोटारसायकलचे अडकलेले व तुटलेले बोल्ट काढण्याची रीत

बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गळीत हंगाम आटोपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी, गावी परततात. मधल्या पाच-सहा महिन्यांत घरची मोटारसायकल पुष्कळदा अंगणात किंवा गोठ्याच्या आडोशाला उभी असते. परत आल्यावर साखळी ताणावी, ऑईल बदलावे, ब्रेक पाहावेत म्हणून पाना लावला जातो आणि पहिलाच नट जागचा हलत नाही. मग पान्याच्या दांड्यात पाईपचा तुकडा घालून जोर केला जातो, 'कट्' असा आवाज होतो आणि बोल्टाचे डोके हातात व उरलेला बोल्ट इंजिनात, अशी अवस्था होते.

बोल्टाची किंमत चार-दहा रुपये असते. परंतु तो ज्या भागात बसलेला असतो तो भाग, म्हणजे इंजिनाचे कवच किंवा सिलिंडरचे वरचे डोके, अ‍ॅल्युमिनिअमचा ओतीव असतो. त्याचे आटे बिघडले तर गाडी तालुक्याच्या गावी लेथवर न्यावी लागते व ऐन पेरणीत चार-सहा दिवस मोडतात. बियाणे व खत आणणे, डेअरीवर दूध पोचविणे, आजारी माणसाला रुग्णालयात नेणे ही सर्व कामे आज या एका वाहनावर चालतात, हे ध्यानात घेतले म्हणजे साध्या बोल्टाचे महत्त्व पटते. अडकलेला बोल्ट बहुधा गंजामुळे तुटत नाही; तो घाईमुळे तुटतो. तो का अडकला याचा प्रथम विचार करून, सौम्य उपायापासून कठोर उपायाकडे क्रमाने गेल्यास बहुतेक बोल्ट अखंड निघतात. ही रीत पुढे दिली आहे. मोटारसायकलसाठी ती सांगितली असली तरी पंपाचे इंजिन, पेरणी यंत्र व कडबाकुट्टी यांनाही ती तितकीच लागू पडते.

बोल्ट का अडकतो

लोखंड गंजले म्हणजे ते केवळ झिजत नाही, ते फुगतेही. गंजाला मूळच्या लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. नट व बोल्ट यांच्या आट्यांमधील फट केसाएवढी असते. तीत गंज तयार झाला की तो पाचरीसारखा दाटून बसतो. गेवराई व माजलगाव भागातील काळ्या जमिनीचा चिखल चाकांच्या आसाभोवती व साखळीच्या ताणणीभोवती लिंपला गेला तर आतला ओलावा आठवडेच्या आठवडे सुकत नाही. आष्टी-पाटोद्याकडील हलक्या, मुरमाड जमिनीत चिखल कमी. तेथे बारीक माती तेलात मिसळून आट्यांत घट्ट बसते.

याहून अधिक हानी खताने होते, व तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पिशवी गाडीवर आडवी टाकून आणण्याची पद्धत आहे. फाटक्या पिशवीतून सांडलेले दाणे दमट हवेत पाझरतात. म्युरेट ऑफ पोटॅश हा मिठाच्या जातीचाच क्षार आहे. त्याचे पाणी लोखंडाला व अ‍ॅल्युमिनिअमला सारखेच खाते. जेथे लोखंडी बोल्ट अ‍ॅल्युमिनिअमच्या भागात बसलेला असतो तेथे असे खारट पाणी शिरले की दोन धातूंमध्ये विद्युतघटाप्रमाणे क्रिया सुरू होते आणि तीत अ‍ॅल्युमिनिअम झिजते. बोल्टाभोवती पांढरी भुकटी दिसली तर ही क्रिया चालू आहे असे समजावे. तांबडा गंज असेल तर लोखंडाला लोखंड धरून बसले आहे. पांढरी भुकटी असेल तर अ‍ॅल्युमिनिअमने बोल्ट धरला आहे. उपाय ठरविताना हा भेद उपयोगी पडतो.

सायलेन्सरच्या बोल्टांचे कारण वेगळे. ते रोज तापतात व रोज निवतात, त्यांच्यावरील तेल जळून जाते आणि आटे कोरडे पडतात. याशिवाय मागच्या वेळी कोणी गरजेपेक्षा जास्त आवळलेला बोल्ट, आडवा चढविलेला नट, किंवा कारखान्यातच आट्यांना लावलेला चिकट द्रव (डिस्क ब्रेकच्या तबकडीचे बोल्ट बहुधा असेच बसविलेले असतात) ही कारणे असतात. शेवटच्या प्रकारात कितीही तेल सोडले तरी उपयोग होत नाही. त्याला उष्णताच लागते.

आट्यांची दिशा व माप

बोल्ट सोडविण्याची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट, हे सर्वांना माहीत असते. तरीही इंजिनाखालचा ऑईल सोडण्याचा बोल्ट अनेकदा उलट दिशेने आवळूनच तोडला जातो. याचे कारण असे की, गाडीशेजारी उभे राहून वरून पाहिल्यास डावी-उजवी बाजू पालटते. दिशा नेहमी बोल्टाच्या डोक्यासमोर आपले तोंड आहे अशी कल्पना करून ठरवावी. काही आटे मुळातच उलटे असतात. सायकलचे डावे पेडल हे घरोघरचे उदाहरण आहे. काही बनावटींच्या मोटारसायकलींवर उजव्या हाताच्या आरशाचे आटेही तसेच असतात. जोर करण्यापूर्वी बाहेर दिसणाऱ्या आट्यांचा उतार पाहून खात्री करावी.

मापाचा प्रश्न जुन्या गाड्यांत येतो. एकोणिसाव्या शतकात व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ साली आट्यांचे ठराविक प्रमाण सुचविले; ते इंचावर आधारलेले होते. मद्रास येथे १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या बुलेट मोटारसायकलींवर, तसेच जुन्या ऑईल इंजिनांवर इंची आटे आढळतात. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, आणि आजच्या सर्व गाड्यांचे आटे मिलिमीटरच्या मापाचे असतात. दोन्हींमधील फरक डोळ्यांना दिसत नाही. मिस्त्री ज्याला अडीच सुती म्हणतात तो ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टाचा जणू जुळा भाऊच. परंतु इंची व्हिटवर्थ बोल्टाच्या दोन आट्यांमधील अंतर १.४१ मिलिमीटर व मेट्रिकचे १.२५ मिलिमीटर असते. यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे सरळ जातो व मग अडकतो. हा गंज नव्हे. असा नट पुढे रेटू नये, आला त्या वाटेने परत फिरवावा.

पाना कोणता लावावा

बोल्टाचे डोके शाबूत असेपर्यंत सर्व उपाय हातात असतात. डोके गोल झाले की निम्मे उपाय संपतात. म्हणून उघड्या तोंडाचा पाना अडकलेल्या बोल्टाला लावूच नये. त्याची पकड दोनच कडांवर असते व तोंड थोडे पसरले की तो कडा खरडून निसटतो. मागे-पुढे सरकणाऱ्या जबड्याचा पाना त्याहून वाईट. सहा कोनांचा सॉकेट पाना किंवा, तो नसेल तर, रिंग पाना वापरावा. मापाचा पाना लावण्यापूर्वी डोक्यावरील चिखल व गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा. नाही तर पाना वरच्या वर बसतो.

जोराचेही प्रमाण असते. इंजिनाच्या कवचावरील बोल्ट बहुधा ६ मिलिमीटर जाडीचे असून त्यांना १० नंबरचा पाना लागतो. ते आवळण्यास लागणारा पीळ म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारे एक किलो वजन टांगल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा. हाताची पकड बोल्टापासून १० सेंटिमीटरवर असेल तर यासाठी १० किलोचा जोर लागतो. पान्यात पाईप घालून तीच पकड ५० सेंटिमीटरवर नेली की २ किलो पुरतात. आणि जवान माणूस सहज २० किलो जोर लावतो. म्हणजे बोल्टावर दहापट पीळ पडतो. ६ मिलिमीटरचा बोल्ट एवढा पीळ सहन करीत नाही. मागच्या चाकाच्या आसाचा जाड नट सोडवायला पाईप लावण्यास हरकत नाही. इंजिनावरील बारीक बोल्टांना मात्र तो केव्हाही लावू नये.

कवचावर फुलीच्या खाचेचे स्क्रू असतात, त्यांची गोष्ट थोडी निराळी. जपानी बनावटीच्या इंजिनांवरील खाच व बाजारातील साध्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक सारखे दिसते, पण तंतोतंत जुळत नाही. त्यामुळे पीळ दिला की टोक वर उसळते व खाच खरवडली जाते. टोकाला व्हॉल्व्ह घासण्याची थोडी पेस्ट लावल्यास पकड वाढते. स्क्रू ड्रायव्हर खाचेत उभा धरून त्याच्या मुठीवर हातोडीचे दोन-तीन ठोके द्यावेत व नंतर अंगाचा भार वरून ठेवून फिरवावा. हातोडीच्या ठोक्याबरोबर आपोआप थोडा फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो. गावात गाड्या दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीजवळ तो असावा. त्याची किंमत एका बिघडलेल्या कवचाच्या मानाने काहीच नाही.

तेल, ठोका व धीर

पहिला उपाय तेलाचा. गंज सोडविणारे फवाऱ्याचे तेल दुकानात मिळते. ते नसेल तर डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑईल मिसळून चालते. पूर्वी या कामी रॉकेल वापरीत, परंतु ते आता सहजी मिळत नाही. तेल घाट्यासारखे दाट नसावे. ते केसाएवढ्या फटीतून आत झिरपले पाहिजे. ब्रेकचे लायनर व तबकडी यांवर त्याचा थेंबही पडू देऊ नये. तेल सोडून लगेच पाना लावणे म्हणजे ते न सोडण्यासारखेच आहे. सायंकाळी तेल सोडावे, सकाळी पुन्हा सोडावे व दुपारी पाना लावावा. सायलेन्सरच्या नटांना दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेल द्यावे.

तेलाला ठोक्याची जोड हवी. बोल्टाच्या डोक्यावर सरळ, हलके पण खणखणीत असे दहा-बारा ठोके दिल्याने आट्यांतील गंजाचा थर तडकतो व तेलाला वाट मिळते. ठोका डोक्याच्या मध्यावर पडावा. कडेवर पडल्यास पाना बसत नाही. अ‍ॅल्युमिनिअमचा भाग मागे आधार नसताना जोराने ठोकू नये.

यानंतर बोल्ट सोडण्यापूर्वी तो किंचित आवळण्याचा प्रयत्न करावा. हे ऐकावयास विचित्र वाटते, परंतु आवळण्याच्या दिशेने तो तसूभरही हलला तरी गंजाची पकड सुटते. मग सोडावा; पाव फेरा आला की पुन्हा तेल सोडून थोडा आवळावा, पुन्हा सोडावा. अशा रीतीने पुढे-मागे करीत बाहेर आणावा. एकदा सैल झाला म्हणून सरळ फिरवीत सुटल्यास निघालेली गंजाची भुकटी पुढच्या आट्यांत दाटते आणि बोल्ट अर्ध्यावर पुन्हा अडकतो. तुटणारे कित्येक बोल्ट या दुसऱ्या अडकण्यात तुटतात. हाताला बोल्ट रबरासारखा पिळतो आहे, पण फिरत नाही, असे जाणवले की त्याच क्षणी थांबावे. त्यापुढची पायरी तुटण्याची असते.

उष्णतेचा उपयोग

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती आगीत लाल करतो. तापून मोठी झालेली धाव चाकावर सहज बसते व पाणी ओतताच आवळून धरते. अडकलेल्या बोल्टाच्या बाबतीत हेच तत्त्व उलट कामी येते. उष्णतेने अ‍ॅल्युमिनिअम हे लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. १० मिलिमीटरचे भोक असलेला अ‍ॅल्युमिनिअमचा भाग १०० अंश सेल्सिअसने तापविला तर भोक सुमारे ०.०२३ मिलिमीटरने वाढते, तर त्यातील लोखंडी बोल्ट ०.०१२ मिलिमीटरनेच. फरक अगदी थोडा, पण गंजाची पकडही तेवढ्याच जाडीची असते. म्हणून बोल्ट न तापविता त्याच्या भोवतीचा अ‍ॅल्युमिनिअमचा भाग तापवावा. उलट लोखंडी नट लोखंडी बोल्टावर अडकला असेल तर ज्योत नटावर धरावी, म्हणजे नट मोठा होतो व आतला बोल्ट तुलनेने थंड राहतो.

येथे एक धोका नीट समजून घेतला पाहिजे. लोखंड तापताना आधी तांबूस, मग लाल होते; लोहाराचा डोळा त्यावरून उष्णता ओळखतो. अ‍ॅल्युमिनिअम तसा इशारा देत नाही. ते ६६० अंशांना वितळते, इंजिनाचा मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि तोवर दिवसाच्या उजेडात त्याचा रंग बदललेला दिसत नाही. ज्योत एका जागी धरून 'अजून लाल झाले नाही' म्हणून वाट पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत कवच एकदम खाली ओघळते. यास्तव ज्योत सतत फिरती ठेवावी आणि परीक्षा भाकरीच्या तव्यासारखी करावी: पाण्याचा थेंब टाकताच तो चर्र करून उडून गेला की पुरे. त्याच वेळी, भाग गरम असतानाच, पाना लावावा. निवल्यावर पुन्हा तेल सोडावे व आवश्यक तर हे दोन-तीन वेळा करावे. तापणे-निवणे यानेही गंज सुटतो. काही मिस्त्री गरम बोल्टाच्या मुळाशी मेणबत्ती टेकवितात. वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते व वंगणाचे काम करते. ही युक्ती चांगली आहे, परंतु मेण ज्योतीसमोर धरू नये.

ज्योत पेटविण्यापूर्वी पेट्रोलची टाकी गाडीवरून उतरवून दूर नेलीच पाहिजे. नुसती तोटी बंद करणे पुरेसे नाही. कार्ब्युरेटर असेल तर त्यातील पेट्रोल काढून टाकावे, आधी सोडलेले तेल फडक्याने पुसून घ्यावे, रबरी नळ्या व तारा बाजूला कराव्यात, आणि जवळ कोरड्या मातीची पाटी ठेवावी. कडब्याच्या गंजीजवळ किंवा गोठ्यात हे काम करू नये. ब्रेकचे भाग व पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर यांना ज्योत लावू नये. त्यांत तेल व रबरी सील असतात.

डोके गोल झाले असल्यास

डोके बाहेर पुरेसे उंच असेल तर कानशीने त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट कराव्यात व एक माप लहान पाना ठोकून बसवावा. घट्ट आवळून राहणारी कुलूप-पकडही चालते. तसे न जमल्यास छिन्नी डोक्याच्या कडेवर तिरपी धरून, सोडण्याच्या दिशेने ठोके द्यावेत. नट असेल तर विचार अधिक सोपा आहे: नट वाचविण्याची गरजच नाही. हॅक्सॉने किंवा छिन्नीने नटाच्या एका बाजूस उभा छेद घ्यावा, आट्यांपर्यंत पोचण्याआधी थांबावे, व छिन्नी त्या छेदात ठोकावी. नट फुटून सैल होतो आणि आतला स्टड बचावतो. सायलेन्सरच्या नटांसाठी हीच रीत सर्वांत उत्तम. दहा रुपयांच्या नटासाठी सिलिंडरच्या डोक्यातील स्टड तोडून घेण्यात काहीच शहाणपण नाही.

बोल्ट तुटला असल्यास

तुटल्यावर प्रथम हातातील सर्व हत्यारे खाली ठेवावीत. या घटकेपर्यंत झालेली हानी एका बोल्टाची आहे. यापुढे चुकल्यास ती इंजिनाची होते. तुटलेल्या भागाचे निरीक्षण करावे. डोके तुटल्यावर वर आवळलेला भाग बाजूला काढता येतो, आणि पुष्कळदा त्याखाली बोल्टाचा अर्धा इंच दांडा उभा असलेला आढळतो. डोक्याचा ताण गेल्यामुळे तो आता पूर्वीपेक्षा सैलही असतो. त्याला तेल व उष्णता देऊन कुलूप-पकडीने पुढे-मागे फिरविल्यास तो बहुधा निघतो.

दांडा अगदी पृष्ठभागाबरोबर तुटला असेल तर सर्वांत भरवशाचा उपाय वेल्डिंगचा. तुटलेल्या टोकावर एक नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्डिंग करावे. नट दांड्याला जोडला जातो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दांडा आतून तापून त्याचा गंज सुटतो. अ‍ॅल्युमिनिअमला लोखंडाचे वेल्डिंग धरत नाही, त्यामुळे भोवतालच्या भागाला ते चिकटण्याची भीती नसते. नट निवू द्यावा व मगच पाना लावावा. पहिला नट निसटला तरी निराश होऊ नये. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दांडा निघालेला वारंवार आढळतो. वेल्डिंगपूर्वी टाकी उतरविण्याबरोबरच बॅटरीच्या तारा सोडाव्यात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रमाणाच्या बहुतेक मोटारसायकलींत इंधन इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने सोडले जाते. त्या यंत्रणेची जोडणीही काढून ठेवावी, अन्यथा वेल्डिंगच्या प्रवाहाने ती जळण्याचा संभव असतो.

दांडा भोकात खोल तुटला असेल तर ड्रिल लागते, आणि येथेच सर्वाधिक नुकसान होते. बोल्ट पोलादाचा व कठीण, भोवतालचे अ‍ॅल्युमिनिअम मऊ. तुटलेला पृष्ठभाग वाकडातिकडा असतो. ड्रिल मध्यावर न लागता थोडे जरी कडेला लागले तरी ते कठीण बोल्टावरून घसरून मऊ अ‍ॅल्युमिनिअममध्ये शिरते व आट्यांची एक बाजू खाऊन टाकते. हे टाळण्यासाठी मार्गदर्शक बुश करून घ्यावे. बाहेरचा व्यास भोकात बसेल एवढा आणि आत बरोबर मध्यावर ३ मिलिमीटरचे भोक, असा लहानसा बुश कोणताही टर्नर लेथवर थोड्या वेळात करून देतो. तो भोकात बसवून त्यातून ड्रिल केल्यास केंद्र चुकत नाही. बुश नसेल तर टोक कानशीने किंवा छोट्या घासणीने सपाट करून, चारही बाजूंनी अंतर पाहून, सेंटर पंचची खूण करावी. एका ठोक्यात खोल खूण करू नये. आधी हलकी करून पाहावी, चुकली असेल तर पंच तिरपा धरून ती सरकवावी. या एका खुणेला अर्धा तास लागला तरी तो वाया गेला असे समजू नये.

ड्रिल हळू गतीने चालवावे, तेल सोडीत राहावे, आणि डोळ्यांवर चष्मा असावा. उलट दिशेने कापणारी ड्रिलची पाती मिळतात. ती वापरल्यास ड्रिल करता करताच कधी कधी दांडा फिरून बाहेर येतो. त्यानंतर मिस्त्री ज्याला 'इझी आउट' म्हणतात ते उलट्या आट्यांचे निमुळते हत्यार भोकात घालून फिरवितात. त्याविषयी सावधगिरीची सूचना देणे जरूर आहे. ज्या बोल्टाचे जाड डोके पिळून तुटले, त्याच्या पोटातील भोकात मावणारे बारीक हत्यार त्याहून अधिक जोर कसा सहन करील? बोल्ट अडकलेला असताना, तेल व उष्णता न देता जोर केला की हे हत्यारच आत तुटते. ते इतके कठीण असते की साधे ड्रिल त्यावर चालत नाही. मग ते काम गावात होण्यासारखे राहत नाही. बोल्ट केवळ डोके तुटून सैल राहिला असेल तेथेच हे हत्यार वापरावे.

बोल्ट कशानेच निघत नसेल तर तो ड्रिलने पोखरून काढावा लागतो. पाती टप्प्याटप्प्याने वाढवीत ६ मिलिमीटरच्या बोल्टासाठी ५ मिलिमीटरपर्यंत आणि ८ मिलिमीटर, १.२५ अंतराच्या बोल्टासाठी ६.८ मिलिमीटरपर्यंत जावे. भोक मध्यावर असेल तर आट्यांत फक्त पातळ वेटोळे उरते. ते टोकदार हत्याराने उचलून काढता येते व टॅप फिरविल्यावर मूळचे आटे शाबूत मिळतात.

आटे गेले असल्यास

ऑईलच्या बोल्टाचे आटे जाणे हा नित्याचा प्रकार आहे. त्यावर टेफ्लॉन पट्टी गुंडाळणे किंवा मोठा बोल्ट ठोकून बसविणे हे तात्पुरते उपाय होत. असा बोल्ट रस्त्यात गळून पडला तर ऑईल वाहून इंजिन जॅम होते, आणि सांडलेले ऑईल मागच्या चाकाखाली आले तर मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात त्याचा परिणाम काय होईल हे सांगावयास नको. भोक मोठे करून, त्यात नवे आटे पाडून हेलिकॉईल, म्हणजे पोलादी तारेचे वेटोळे, बसविणे हा कायमचा उपाय आहे. असे आटे अ‍ॅल्युमिनिअमच्या मूळच्या आट्यांहून बळकट असतात. लेथवर पोलादी बुश करून बसविण्याची जुनी पद्धतही चांगली आहे. मात्र ब्रेकचे भाग, पुढचा फोर्क व चाकाचा आस यांच्या आट्यांवर गावात प्रयोग करू नयेत; तेथे तो भागच बदलावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना या विषयाचे प्रात्यक्षिक घेणे कठीण नाही. भंगारच्या दुकानातून इंजिनाचे एखादे फुटके कवच आणावे. त्यात गंजलेले बोल्ट असतातच. बीड येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांना विनंती करून, गावातील दोन-तीन होतकरू तरुणांना त्यावर ड्रिल, टॅप व वेल्डिंगचा हात बसू द्यावा. भंगारावर दहा बोल्ट तोडलेला मुलगा शेजाऱ्याच्या गाडीचा अकरावा बोल्ट सहसा तोडत नाही. लोहाराच्या घरातील मुले असतील तर त्यांना आवर्जून बोलवावे. नांगराच्या फाळाला पाणी देणाऱ्या हाताला उष्णतेची जी जाण असते ती पुस्तकातून येत नाही.

नवा बोल्ट बसविताना

एकदा तापविलेला, पिळलेला किंवा गंजून बारीक झालेला बोल्ट पुन्हा वापरू नये. नव्या बोल्टाच्या डोक्यावरील आकडा पाहावा. ८.८ असा आकडा असेल तर पहिल्या ८ चा अर्थ दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण सोसण्याची शक्ती. डोक्यावर काहीच खूण नसलेले स्वस्त बोल्ट फाटकाला व पत्र्याला ठीक असतात. ब्रेकच्या दांड्याला किंवा इंजिनाच्या पकडीला ते लावू नयेत. आटे ब्रशने स्वच्छ करून त्यांना थोडे ग्रीस लावावे. सायलेन्सरच्या स्टडला साधे ग्रीस जळून जाते. तेथे तांब्याच्या किंवा ग्रॅफाइटच्या भुकटीचे ग्रीस लावावे. ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरात अधिक आवळला जातो, म्हणून हात थोडा राखून आवळावा. पहिले दोन-तीन फेरे नेहमी बोटांनी द्यावेत. बोटांनी फिरत नसेल तर बोल्ट आडवा चढत आहे. ऑईलच्या बोल्टाखालचा वॉशर दर वेळी नवा घ्यावा.

ऊसतोडीला निघण्यापूर्वी गाडी ठेवून जावयाची असेल तर एक सायंकाळ तिला द्यावी. खताचे डाग साध्या पाण्याने धुऊन गाडी उन्हात पूर्ण वाळवावी, आसाचे, साखळीच्या ताणणीचे व सायलेन्सरचे नट एकदा सोडून ग्रीस लावून पुन्हा बसवावेत, आणि गाडी जनावरांच्या मुताच्या ओलीपासून दूर, मधल्या स्टँडवर, फळीच्या तुकड्यावर उभी करावी. वर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नये; आत दव साचते. जुने गोणपाट किंवा सुती चादर पुरते. परत आल्यावर गाडी प्रथम पन्नास-शंभर किलोमीटर चालली व इंजिन पूर्ण निवले की सायलेन्सरचे नट एकदा पुन्हा तपासून पाहावेत. नवे बसविलेले नट पहिल्या तापण्या-निवण्यात किंचित सैल पडतात.